पाण्याचं बूच

मोरी तुंबली की प्लंबर येतो, जाळी उचलतो, केसांचा नि साबणाचा काळा गुंता बाहेर ओढतो. मग पैसे कोणी द्यायचे यावरून घरमालकाशी फोनाफोनी सुरू होते. या कटकटीचं मूळ असलेला नहाणी ट्रॅप फरशीत गाडलेला असतो. त्याचं कूळ मात्र लंडनच्या एका घड्याळजीपर्यंत जातं.

अलेक्झांडर कमिंग मूळचा स्कॉटलंडचा. १७७५ साली त्याने शौचकुपाचं पेटंट घेतलं. त्यातली सरकती झडप अडकायची, म्हणून जोसेफ ब्रामाने १७७८ मध्ये ती बदलली. टिकलं ते खालच्या नळीचं एस अक्षरासारखं वळण. त्या वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटाराची घाण पलीकडेच थोपते.

सांडपाणी वाहून नेण्यात आपणही मागे नव्हतो. मोहेंजोदडोत साडेचार हजार वर्षांपूर्वी न्हाणीच्या विटांच्या फरशीला उतार दिलेला होता आणि पाणी झाकलेल्या गटारात जात होतं. तेव्हा उतार आपला, वळण त्यांचं.

दोन्हींची गाठ पडली ती मोरीत. साहेबाचा ट्रॅप बेसिनखाली लटकतो, हाताने फिरवून उघडता येतो. आपली आंघोळ, धुणं, भांडी सगळं जमिनीवर, त्यामुळे ट्रॅपही जमिनीत गेला. फ्लॅटमध्ये स्लॅबच्या जाडीत तो बसवायचा म्हणजे खोली बेताचीच. वर जाळी आणि आत जेमतेम दोन इंच पाण्याचं बूच. जी जागा वास अडवते, तीच केसही अडवते. त्यात वॉशिंग मशीनचं पाणी एकदम सुटलं की मोरी उलटी भरते.

काही जाळ्यांखाली हे बूच धरून ठेवणारी उपडी वाटी असते. पाणी लवकर जावं म्हणून लोक ती काढून माळ्यावर टाकतात, आणि मग झुरळं कुठून येतात म्हणून विचारत बसतात. घर महिनाभर बंद राहिलं तर ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि परिणाम तोच. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत २००३ मध्ये सार्सचे ३२१ रुग्ण सापडले, तेव्हा न्हाणीघरांतले असे कोरडे पडलेले ट्रॅप हे संसर्गाच्या वाटेतलं एक कारण ठरलं. गावाहून परतल्यावर मोरीत तांब्याभर पाणी ओतणं म्हणूनच शहाणपणाचं. अॅसिड मात्र ओतू नये. केस त्याला दाद देत नाहीत, सिमेंटचे सांधे तेवढे खातं आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल येते.

राहता राहिला पैशांचा वाद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं घरमालकाला बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत काम केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. पण आज बहुतेक जण राहतात ते लीव्ह अँड लायसन्सवर, आणि तिथे कायद्याच्या नजरेत ते भाडेकरू नसतात. करारात लिहिलंय तेच खरं. तेव्हा सही करण्याआधी मोरीत दोन बादल्या पाणी ओतून बघा, आणि तुंबल्यास खर्च कोणाचा हे लिहूनच घ्या.