ढोलीतला राजेशाही कोळी

घरात मोठा, केसाळ कोळी दिसला की तो 'टॅरंट्युला'च असावा, असा अनेकांचा समज होतो आणि तो चपलेखाली चिरडला जातो. असोदा-जळगावच्या केळीपट्ट्यात भिंतीवर दिसणारा चपटा, तपकिरी कोळी मात्र बहुधा 'हंट्समन' असतो. केळीच्या घडांतून देशोदेशी पोहोचल्याने इंग्रजीत त्याला 'केळीचा कोळी' असेही म्हणतात. तो झुरळे फस्त करतो. खऱ्या टॅरंट्युलाचे कूळ वेगळे आहे. 'पोएसिलोथेरिया रेगॅलिस' ही त्यातील महाराष्ट्रात आढळणारी देखणी जात.

अधिवास : ही जात केवळ भारतात आढळते. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये तिचे वर्णन केले. पूर्व व पश्चिम घाटांतील जंगलांत, जुन्या वृक्षांच्या ढोलीत रेशमी अस्तर विणून ती राहते. रात्री ढोलीच्या तोंडाशी बसून कीटक टिपते.

रूप : पाय पसरलेल्या मादीचा विस्तार सुमारे १८ सेंटिमीटर भरतो. पाठीवरील करड्या, काळ्या व पांढऱ्या नक्षीमुळे ती झाडाच्या सालीत मिसळून जाते. पुढच्या पायांची खालची बाजू मात्र पिवळीधमक असते. 'रेगॅलिस' या लॅटिन शब्दाचा अर्थ राजेशाही. मादी दहा वर्षांहून अधिक जगू शकते. नर प्रौढ झाल्यावर लवकरच मरतो.

स्वभाव : हा कोळी लाजाळू आणि अत्यंत चपळ आहे. चाहूल लागताच तो ढोलीत शिरतो. कोंडीत सापडला, तरच पुढचे पाय उंचावून पिवळा रंग दाखवतो आणि अखेर चावतो. दंशाने तीव्र वेदना होतात, स्नायूंत पेटके येतात. त्यामुळे वैद्यकीय उपचार घ्यावेत. या दंशाने माणूस दगावल्याची नोंद मात्र नाही.

संरक्षण : माणसाला या कोळ्याचे जेवढे भय, त्याहून अधिक भय कोळ्याला माणसाचे आहे. ढोलीचे जुने झाड तोडले की त्याचे घरच जाते. देखणेपणामुळे परदेशातील हौशी लोकांत त्याला मागणी आहे. म्हणूनच २०१९ मध्ये या प्रजातीतील सर्व कोळ्यांचा समावेश वन्यजीव व्यापारविषयक 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित वन्यजीव कायद्यानेही या करारातील प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण आणले आहे.

जंगलात असा कोळी दिसल्यास त्याला हात लावू नये, दुरूनच पाहावे. वठलेले, ढोलीचे झाड निरुपयोगी समजून तोडू नये. त्यात कुणाचा तरी संसार असू शकतो.