एंजिनाच्या आवाजाची पारख

चालू एंजिनाच्या आवाजावरून त्याच्या भागांची झीज व दोष ओळखण्याची पद्धत. वापरलेली मोटारगाडी विकत घेताना एंजिन उघडून पाहणे बहुधा शक्य नसते. त्यामुळे जुन्या गाड्यांचा बाजार निर्माण झाल्यापासून ग्राहक व कारागीर या पद्धतीवर विसंबत आले आहेत. शरीरातील विकार बाहेरून ऐकून ओळखण्याची कल्पना वैद्यकात जुनी आहे. फ्रेंच वैद्य रने लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथॉस्कोप तयार केला. त्याच्या टोकाला धातूची सळई बसवून केलेले उपकरण पुढे मोटार दुरुस्तीच्या कामातही रूढ झाले. ते नसल्यास लांब पेचकसाचे टोक एंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरतात.

आवाजांचे प्रकार : चार धावांच्या एंजिनात झडपा चालविणारा कॅमदंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे झडपांच्या यंत्रणेतील सैलपणामुळे (टॅपेट) येणारी हलकी टकटक एंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या गतीने ऐकू येते व बहुधा साध्या जुळणीने ती दूर होते. झिजलेल्या सिलिंडरात दट्ट्या आपटल्याचा आवाज एंजिन थंड असताना अधिक असतो व धातू तापून प्रसरण पावल्यावर कमी होतो. संयोगदांड्याच्या धारव्याचा ठोका मात्र वंगण तेल तापून पातळ झाल्यावर वाढतो. संबंधित सिलिंडराची ठिणगी बंद केल्यास हा ठोका मंदावतो, म्हणून दोषाचे स्थान निश्चित करता येते. भुजादंडाच्या मुख्य धारव्यांचा आवाज खोल व बोजड असून एंजिनावर भार पडताच तो स्पष्ट होतो. यावरून गाडी थंड असताना सुरू करून ती पूर्ण तापेपर्यंत ऐकावी, हा नियम रूढ झाला. ग्राहक येण्यापूर्वीच एंजिन तापवून ठेवणे हे संशयास्पद मानले जाते.

इतिहास : प्रारंभीच्या गाड्यांचा गोंगाट हा ग्राहकांच्या तक्रारीचा विषय होता. अमेरिकन संशोधक चार्ल्स येल नाइट यांनी झडपांचा खडखडाट टाळण्यासाठी सरकत्या नळीच्या झडपांचे एंजिन तयार केले आणि इंग्लंडमधील डेमलर कंपनीने १९०८ मध्ये ते स्वीकारले. ते शांत असले, तरी वंगण तेल फार खाई. झडपांमधील फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून काढणारी रचना १९३० च्या सुमारास अमेरिकन गाड्यांत आली. अशा सुधारणांमुळे एंजिन शांत झाले. पण आवाज नसणे म्हणजे झीज नसणे नव्हे, हेही स्पष्ट झाले.

जुन्या गाड्यांच्या व्यापारात ही संदिग्धता विक्रेत्यांच्या पथ्यावर पडली. दाट तेल घालून धारव्यांचा ठोका दाबणे किंवा दंतचक्रपेटीत लाकडाचा भुसा घालून तिचा आवाज बंद करणे, अशा युक्त्या प्रसिद्ध आहेत. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकर्लॉफ यांनी १९७० मध्ये या बाजाराचेच उदाहरण घेऊन असे दाखविले की, दोष विक्रेत्यास ठाऊक व ग्राहकास अज्ञात असेल, तर ग्राहक सर्वच गाड्यांना कमी किंमत देऊ करतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून बाहेर पडतात. ॲकर्लॉफ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा सहमान मिळाला. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने विक्रेत्यांवर ज्ञात दोष सांगण्याचे बंधन घालणारा नियम केला होता; परंतु तेथील काँग्रेसने १९८२ मध्ये तो फेटाळला. १९८४ च्या सुधारित नियमात हे बंधन वगळून हमीची माहिती देणारे पत्रक गाडीवर लावणे सक्तीचे झाले. दोष शोधण्याचा भार अशा रीतीने बहुतांशी ग्राहकावरच राहिला.

भारतातील स्थिती : मालविक्री अधिनियम, १९३० मधील १६ व्या कलमानुसार मालाच्या दर्जाची हमी सर्वसाधारणपणे गृहीत धरली जात नाही, त्यास काही अपवाद आहेत. मात्र ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत उघड व्हावयास हवे होते अशा दोषांबद्दल त्याला विक्रीयोग्यतेच्या अपवादाचा आधार घेता येत नाही. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्या काळात जुन्या गाडीला विशेष मागणी होती. मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी फियाट (पुढे प्रीमियर पद्मिनी) आणि ॲम्बॅसडर यांची रचना दीर्घकाळ फारशी न बदलल्याने त्यांचे आवाज कारागिरांच्या पूर्ण परिचयाचे झाले. मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरमध्ये आली व नंतर बाजारातील वाहनांचे प्रकार वाढत गेले.

अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारगाड्यांत दोषांची नोंद ठेवणारी प्रमाणित संगणकीय यंत्रणा सक्तीची झाली. तथापि ही यंत्रणा मुख्यतः प्रदूषणाशी संबंधित भागांवर लक्ष ठेवते. धारव्याची झीज तिच्यात नोंदली जाईलच असे नाही, आणि नोंदी पुसूनही टाकता येतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत मात्र एंजिनच नसते व सर्वांत महाग भाग असलेल्या विद्युत् घटमालेची झीज कानाला कळत नाही. अशा गाड्यांपुरती ही जुनी विद्या निरुपयोगी ठरते. ग्राहक व विक्रेता यांच्या माहितीतील अंतर मात्र तसेच राहते.