बरणीतल्या मिठाची गोष्ट

होळी होऊन गेली, ऊन तापायला लागलं. गच्चीवर, अंगणात, पत्र्यावर आता कुरडया, पापड, सांडगे दिसायला लागतील. कुणाचा गव्हाचा चीक आंबत असेल, कुणी बाजरीच्या खारोड्यांसाठी तीळ निवडत असेल. आज मी कृती सांगणार नाही. कृती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतात. मी सांगणार आहे ते हे वाळवण आणि लोणचं आपल्या घरात आलं कुठून, कुणी सांभाळलं, आणि त्यासाठी काय काय झालं ते. बी.ए.ला इतिहास होता माझा, पण त्यात राजे होते, लढाया होत्या, बरणी नव्हती.

आधी आमचीच एक फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने वीस किलो कैरीचं लोणचं घातलं. गटातून चार हजार रुपये अंतर्गत कर्ज घेतलं होतं. एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, हल्ली लोकांना खारट आवडत नाही, मीठ कमी घाला. आम्ही ऐकलं. आषाढात झाकण उघडलं तर वर पांढरी बुरशी. निम्म्याहून जास्त माल खड्ड्यात पुरला आणि हप्ते मात्र वर्षभर फेडले. आमच्या गल्लीतल्या आत्या आल्या, एक फोड नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "पोरींनो, मीठ चवीला असतं का गं लोणच्यात?"

तिथून मी शोधायला लागले.

जुना आधार बघायचा तर कल्याणीच्या चालुक्य राजाचा, तिसऱ्या सोमेश्वराचा, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण ११३० सालचा. ही कल्याणी म्हणजे मुंबईजवळचं कल्याण नव्हे, बिदरजवळचं बसवकल्याण. त्यात राजाच्या जेवणावर एक अख्खा भाग आहे. डाळीचे वडे आहेत, आज आपण डोसा, इडली म्हणतो त्यांचे जुने भाऊबंद आहेत. पण आपण बघितलं तर दोन गोष्टी त्यात सापडत नाहीत. एक मिरची आणि दुसरा बटाटा.

सापडणार कशा? दोन्ही अमेरिका खंडातल्या. १४९८ साली पोर्तुगीज जहाजं केरळच्या किनाऱ्याला लागली, १५१० साली त्यांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या व्यापारातून मिरची आपल्याकडे आली. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, आलं आणि मोहरी. 'मिरची' हा शब्दसुद्धा मिऱ्यावरूनच आलेला. म्हणजे त्या काळातलं लोणचं लालभडक नसणार. मोहरी फेसलेलं, पिवळट असणार. कैरी, लिंबू, आवळा मात्र इथलेच. हिंग तेव्हाही बाहेरून यायचा आणि आजही बहुतेक बाहेरूनच येतो.

'बटाटा' हा शब्द तर सरळ पोर्तुगीज. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद मूळचा ब्राझीलकडचा, आणि त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमला निघाले ते १९४०च्या दशकात. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. हे मी घरी सांगितलं तर सासूबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मग उपासाला हे चाललं कसं?" मला काही उत्तर देता आलं नाही. तुमच्याकडे असेल तर केंद्रावर कळवा.

आता मिठाकडे येते. मीठ चवीला असतं का, हा आत्यांचा प्रश्न. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं. आपण कैरीला मीठ लावून ठेवतो तेव्हा पाणी सुटतं ते यामुळेच. सडवणारे जंतू जगायला त्यांना पाणी लागतं. इतक्या खाऱ्या रसात ते जगत नाहीत. वर तेलाचा थर आला की हवा बंद. उन्हात वाळवतो तेही पाणी घालवण्यासाठीच. जंतूंमुळे अन्न नासतं हे फ्रान्सच्या पाश्चर यांनी १८६०च्या सुमाराला प्रयोगांनी दाखवून दिलं. आपल्याकडच्या बायका त्याआधी शेकडो वर्षं बरणी उन्हात तापवत होत्या, हिंगाची धुरी देत होत्या, ओला चमचा घातला तर हातावर चापट देत होत्या आणि तोंडाला दादरा घट्ट बांधत होत्या. त्यांना जंतू माहीत नव्हते, पण नासण्याची वाट माहीत होती. एक जुनी समजूत मात्र मला पटत नाही. पाळीतल्या बाईने लोणच्याला हात लावला की ते नासतं म्हणतात. आमचं नासलं तेव्हा आमच्यातली एकही बाई पाळीत नव्हती. नासलं ते कमी मिठाने.

पण हेच मीठ इंग्रजांच्या राज्यात सरकारचं झालं. १८८२च्या कायद्याने मीठ करायचा आणि विकायचा अधिकार सरकारने आपल्या हातात ठेवला, वर कर लावला. समुद्र दाराशी असला तरी घरच्यापुरतं मीठ काढणं गुन्हा. श्रीमंताला चिमूटभर मिठाचं काय! पण जिच्या घरी भाजी रोज नसते, जी भाकरीला मिरची-मीठ नाहीतर लोणच्याची फोड लावते, तिला चिमटा बसतो. आणि लोणच्याला, पापडाला, मासळी खारवायला मीठ चिमटीने लागत नाही, मुठीने लागतं.

१९३० साली गांधीजी दांडीला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर निवडलेल्या ७८ जणांत एकही बाई नव्हती. मला हे वाचून रागच आला होता. मीठ घरात कोण वापरतं? कमलादेवी चट्टोपाध्याय यांनाही ते पटलं नव्हतं. त्या गांधीजींना जाऊन भेटल्या, बायकांना यात घ्या म्हणाल्या. मग मुंबईत चौपाटीवर मीठ करणाऱ्या पहिल्या सात जणांत त्या आणि अवंतिकाबाई गोखले अशा दोघी होत्या. पुढे तर बायका घागरी घेऊन समुद्रावर जायला लागल्या. खारं पाणी आणायचं, चुलीवर आटवायचं, पुड्या बांधायच्या. म्हणजे काम रोजचंच, चूल रोजचीच. फक्त दारात पोलीस. आपल्या कोकणात शिरोड्यालाही त्याच मे महिन्यात मोठा सत्याग्रह झाला. मिठाचा कर उठला तो १९४७ साली.

हे सगळं पुस्तकात मिळालं. पण आत्यांची मूठ कुठल्या पुस्तकात? मराठीत पाककृतींची छापील पुस्तकं आहेत. 'सूपशास्त्र' १८७५चं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१०चं. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७०ची, ती तर कित्येक सुनांबरोबर सासरी गेली. वाटी-चमच्याचं सोपं माप हे तिचं मोठं काम. पण हे सगळं लिहिता येणाऱ्यांचं. १९५१च्या जनगणनेत देशात शंभरातल्या नऊ बायकाही साक्षर नव्हत्या. आपल्या खारोड्या, हरभऱ्याचा वाळवलेला पाला, हुलग्याचं पीठ कुणी लिहायचं? ते विहिरीवर, जात्यावर, पापड लाटताना एकीने दुसरीला सांगितलं म्हणूनच आलं. एखादी बाई न सांगता गेली की तेवढं गेलं. माझ्या आजीच्या चिंचेच्या सांडग्यांचं तसंच झालं. मी तेव्हा नववीत होते, विचारायचं सुचलं नाही.

लाटता लाटता बोलण्यातून पैसाही उभा राहतो, हे तुम्हाला लिज्जतचं नाव घेतलं की पटेल. १५ मार्च १९५९ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. त्यांच्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ती गोष्ट तुम्ही प्रशिक्षणात दहादा ऐकली आहे, म्हणून लांबवत नाही.

तर गेल्या जेठात आम्ही पुन्हा लोणचं घालायचं ठरवलं. आत्यांना विचारलं, मीठ किती? म्हणाल्या, "किलोला चार मुठी." मी म्हटलं, "आत्या, कुणाच्या मुठी?" त्या हसल्या. गटाचा वजनकाटा मध्ये ठेवला आणि त्यांना जाड्या मिठाची मूठ भरायला लावली. ४५ ग्रॅम. पुन्हा भरली, ४४. तिसऱ्यांदा ४६. म्हणजे किलोला १८० ग्रॅम. मग माझी मूठ टाकली तर ५८ भरली, आणि आधीच्या वेळी मी किलोला दोनच मुठी घातल्या होत्या. बाजूला बसलेल्या आमच्या सचिवताईंनी लगेच गुणाकार करून दाखवला, ११६. सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले, काय करणार.

त्या दिवशी गटाच्या हजेरीवहीची शेवटची पानं आम्ही यासाठी राखून ठेवली. पहिल्या ओळीत लिहिलं आहे: कैरी एक किलो, जाडं मीठ १८० ग्रॅम, आत्यांच्या चार मुठी. पुढच्या महिन्याच्या बैठकीला तुमच्याही सासूबाईंना, आत्यांना घेऊन या. वजनकाटा आम्ही आणतो.