अडकित्त्यातलं कुत्र्याचं औषध

आमच्या बिजली या कुत्रीच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं. जवळून पाहिलं तर ती कणी हळूच आकसत होती आणि पुन्हा लांब होत होती. उमरखेडला आमच्या गल्लीत अशा वेळी एकच शब्द निघतो, जंत. डॉक्टरांनी तिचं वजन केलं, साडेबारा किलो भरलं. दहा किलोला एक या हिशोबाने त्यांनी सव्वा गोळी काढली. ते गोळी मोडत होते तेवढ्यात मी त्यांच्या टेबलावरचं जुनं औषधशास्त्राचं पुस्तक चाळलं. पट्टकृमींच्या प्रकरणात एक मागे पडलेलं औषध होतं, अरेकोलीन हायड्रोब्रोमाइड. त्याचं मूळ एका शब्दात दिलं होतं: सुपारी.

जी सुपारी चौकातल्या प्रत्येक पानठेल्यावर खर्ऱ्यात घोटली जाते, ती एके काळी जगभरच्या कुत्र्यांच्या पोटातले जंत पाडत होती! घरी येऊन मी आजीचं पानाचं तबक माळ्यावरून काढलं. तिचा पितळी अडकित्ता हातात घेतला आणि तिथून पुढचे कित्येक महिने मी या एका धाग्याला धरून आहे.

जंतांची बाकीची कथा सगळ्यांना माहीत आहे, ती भरभर सांगतो. अथर्ववेदात कृमींना घालवण्याची सूक्तं आहेत. आयुर्वेदाने वावडिंग आणि पळसाचं बी कृमिघ्न मानलं. पळसपापडी म्हणतात ती हीच, आणि पैनगंगेच्या काठच्या जंगलात पळसाला तोटा नाही. ‘जंत’ हा संस्कृत ‘जंतु’चाच वंशज. जंतु म्हणजे जन्माला आलेला कोणताही जीव, पण मराठीने त्या सगळ्या जीवांतून पोटातलाच तेवढा निवडून ‘जंत’ केला.

आता सुपारी. आपल्याकडे तिची नावं तीन दिशांनी आली आहेत. कोकणातली पोफळ संस्कृत ‘पूगफला’तून आली, आणि अरबांचं ‘फौफल’ही त्याच घरचं. ‘सुपारी’ हे नाव हिंदी-गुजरातीशी आपलं सामाईक आहे. तिसरं नाव आपण विसरलो, पण ते एका अवजाराच्या पोटात जपून राहिलं आहे. ते अवजार म्हणजे अडकित्ता.

अडकित्ता कशावरून? ऐकताक्षणी कोणीही म्हणेल, अडकण्यावरून. सुपारी दोन पात्यांत अडकते म्हणून अडकित्ता. मीही शाळेपासून हेच धरून चाललो होतो. पण मग ‘इत्ता’ कुठून आला? लाटायचं ते लाटणं, खिसायची ती खिसणी, अशी आपली अवजारं बनतात. क्रियापदाला ‘इत्ता’ जोडून केलेलं दुसरं एकही अवजार मला मराठीत सापडलेलं नाही. दुसरी शंका माझी मलाच आली. कित्ता गिरवतो तो ‘कित्ता’ अरबीतून आलेला, आणि त्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ तुकडा. सुपारीचे तुकडे करतो म्हणून कित्ता? चार दिवस ही कल्पना मला फार आवडली होती. पण तिच्यात ‘अड’ला जागाच नाही. सुपारी आडवी धरतात म्हणून ‘आड’, असं ओढूनताणून जुळवावं लागतं, आणि ओढून आणलेली व्युत्पत्ती टिकत नाही.

उत्तर कन्नडात आहे. कन्नडात सुपारीला अडके किंवा अडिके म्हणतात, आणि ती कापायच्या अवजाराला अडकत्तरी. अडके अधिक कत्तरी, म्हणजे सुपारीची कात्री. इतकं सरळ. पैनगंगा ओलांडून किनवटच्या बाजूला गेलं की तेलुगू कानावर पडू लागते, आणि माझा सगळ्यात भक्कम पुरावा त्या भाषेत आहे. तेलुगूत सुपारीला रोजच्या बोलण्यात वक्क किंवा पोक म्हणतात, तरी अवजार मात्र ‘अडकत्तेर’. दोन्हीकडून चेपला गेलेला माणूस म्हणजे अडकत्तेरातली पोकेची खांड, अशी त्यांची म्हण आहे. आपणही अडचणीत सापडलेल्याला अडकित्त्यात सापडला म्हणतो. आता उत्तरेकडे पाहा. हिंदीत सरौता, गुजरातीत सूडी. तिथे ‘अड’चा मागमूस नाही. ‘अड’ फक्त दक्षिणेला आहे आणि दक्षिणेला लागून असलेल्या आपल्याकडे आहे. अवजार सुपारीबरोबर दक्षिणेकडून वर आलं आणि येताना आपलं नाव घेऊन आलं, असं मी ठामपणे म्हणतो.

एक बारीक भांडण उरतं. आपला शब्द अडकत्तरीतून आला असता तर त्याचा ‘र’ कुठे गेला? तेलुगूने तो जपला आहे. माझं मत असं की मराठीने ‘कत्तरी’ घेतलीच नाही. कन्नडात ‘कत्ती’ म्हणजे सुरी किंवा तलवार, आणि हा शब्द जुन्या मराठीतही शस्त्राचं नाव म्हणून आहे. अडके अधिक कत्ती, त्यातून अडकित्ता. जोड ‘त’ जागेवर राहतो आणि ‘र’ गाळावा लागत नाही.

याच ‘अड’ची दुसरी शाखा समुद्राकडे गेली. मलयाळमध्ये सुपारीला ‘अडय्क्क’ म्हणतात. मलबारात उतरलेल्या पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला. जीभ वळवून उच्चारलेला आपला ‘ड’ त्यांच्या कानाला ‘र’सारखा लागला असावा, आणि अडय्क्कचं ‘अरेका’ झालं. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या औषधींवरील संवादांत सुपारी आहे, आणि मलबारातले नायर तिला अरेका म्हणतात, अशी नोंद त्याने केली आहे. 1753 मध्ये लिनियसने पोफळीला शास्त्रीय नाव दिलं, अरेका कॅटेचू. 1888 मध्ये यान्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सुपारीतला सत्त्वांश वेगळा काढला आणि त्याला अरेकोलीन म्हटलं. म्हणजे डॉक्टरांच्या पुस्तकातल्या अरेकोलीनचा ‘अरे’ आणि माझ्या आजीच्या अडकित्त्याचा ‘अड’ हे सख्खे भाऊ आहेत. एक लिस्बनमार्गे प्रयोगशाळेत गेला, दुसरा माळ्यावरच्या तबकात राहिला.

मग कुत्र्याला सुपारी पहिल्यांदा कोणी दिली? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी श्वानपुस्तकांत सुपारीची पूड हे जंतांचं नेहमीचं औषध आहे. मात्रा ठरलेली, कुत्र्याच्या वजनाच्या दर पौंडाला दोन ग्रेन. पण यान्सने सत्त्व काढण्याच्या आधीपासून ती चालू होती, म्हणजे हे ज्ञान प्रयोगशाळेतलं नव्हे. एक पक्ष चीनचा आहे. तिथे सुपारीला बिनलांग म्हणतात, आणि माणसाच्या पट्टकृमीवर ती भोपळ्याच्या बियांबरोबर द्यायची जुनी रीत आहे. हा पक्ष मी हलका मानत नाही. आपल्या वैद्यकात कृमींसाठी वावडिंगाचा जेवढा गाजावाजा आहे तेवढा सुपारीचा नाही, हेही खरं. तरीही कुत्र्यापुरता मी हिंदुस्थानच्या बाजूने उभा आहे. इंग्रज अधिकारी शिकारीसाठी विलायती कुत्री इथे आणत. ती कुत्री सांभाळायला डोरिया ठेवत. दोरी धरतो तो डोरिया. त्या माणसाच्या कनवटीला पानसुपारी असायचीच. आजारी कुत्र्याच्या तोंडात साहेबाच्या औषधाआधी त्याच्या चंचीतली सुपारी गेली असणार, आणि कुत्र्याने दुपारपर्यंत जंत टाकलेले साहेबाने पाहिले असणार. हा माझा अंदाज आहे, पण मला तो सगळ्यात नैसर्गिक वाटतो.

सुपारीचं काम कसं चालतं तेही पाहण्यासारखं आहे. पट्टकृमी डोक्यावरच्या चोषकांनी आतड्याला धरून बसतो. अरेकोलीनने तो लुळा पडतो, त्याची पकड सुटते, आणि त्याच वेळी कुत्र्याचं आतडं जोराने हलू लागतं. उपाशी कुत्र्याला औषध दिलं की अर्ध्या-पाऊण तासात सगळं बाहेर. या गुणाचा न्यूझीलंडने मोठा उपयोग केला. तिथे मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या पोटातल्या एका पट्टकृमीमुळे माणसांच्या यकृतात पाण्याच्या गाठी होत. 1959 च्या कायद्यानंतर कुत्री ओळीने खुंट्यांना बांधून त्यांना अरेकोलीन देत आणि पडलेला मळ तपासत. 2002 मध्ये तो देश या रोगातून तात्पुरता मुक्त जाहीर झाला. पोफळीच्या बागा नसलेल्या देशात आपल्या सुपारीने एवढं काम केलं.

पण औषध क्रूर होतं. लाळ गळायची, उलटी व्हायची, पोटात मुरडा यायचा, आणि गोल जंतांवर किंवा अंकुशकृमींवर त्याचा भरवसा नव्हता. 1970च्या दशकात प्राझिक्वांटेल आलं आणि सुपारी मागे पडली. हे नवं औषध पट्टकृमीची कातडीच फाडतं. किडा आतड्यातच पचून जातो, म्हणून हल्ली गोळी दिल्यावर काही पडलेलं दिसत नाही आणि ‘गोळी लागू पडली नाही’ असं लोकांना वाटतं. ती लागू पडलेली असते.

बिजलीच्या त्या कण्या, म्हणजे पट्टकृमीचे तुकडे, पिसवांमुळे आल्या होत्या. पिसवेच्या अळीने जंताचं अंडं खायचं, अंग चावताना कुत्र्याने ती पिसू गिळायची, असं ते चक्र आहे. म्हणून पिसवा न काढता नुसती गोळी दिली तर कण्या पुन्हा येतात. पिल्लांचं वेगळं आहे. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात आणि दुधातूनही येतात, त्यामुळे पंधराव्या दिवशी पहिलं औषध, मग आठ आठवड्यांची होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी. आणि बाजाराच्या दिवशी मटणाच्या दुकानातून कुत्र्यासाठी काळीज-फुफ्फुस आणत असाल तर पाण्याच्या फोडांचे तुकडे कच्चे कधीही घालू नका, न्यूझीलंडने लढा दिला तो जंत याच फोडांतून कुत्र्यात जातो.

सुपारी किंवा पळसपापडी मात्र आज कुत्र्याला घरी देऊ नका. एका सुपारीत किती सत्त्व आहे हे डोळ्यांनी कळत नाही, आणि लहान पिल्लू त्याने मरू शकतं. पण उमरखेड, ढाणकी, बिटरगावच्या बाजूला कोणाच्या घरी जुन्या माणसाने कुत्र्याला सुपारीची पूड दिल्याची आठवण असेल, तर ती किती द्यायचे, कशात कालवून द्यायचे आणि त्याला काय म्हणायचे, एवढं त्यांच्याकडून विचारून आजच लिहून ठेवा. बिजलीची पुढची गोळी पोळ्याच्या आठवड्यात आहे.