झुकेल तशी वळणारी गाडी



चाकाचा इतिहास सांगतांना आपण बहुधा वेगाचाच इतिहास सांगतों. बैलगाडी, घोडागाडी, आगगाडी, मोटार असा क्रम लावतों आणि प्रत्येक पायरीवर ताशीं किती मैल वाढले तें मुलांकडून पाठ करून घेतों. परंतु चाक लागलेल्या प्रत्येक वस्तूपुढें आणखी दोन प्रश्न उभे असतात. ती वळवावी कशी आणि वेगांत असतांना स्थिर ठेवावी कशी? ह्या दोन प्रश्नांचें आपसांतलें भांडण अगदीं लहान जागेंत पहावयाचें असेल, तर स्केटबोर्डच्या फळीखालीं असणाऱ्या वीतभर रुंदीच्या धातूच्या जोडणीकडे पहावें. तिला ‘ट्रक’ म्हणतात. फळीवर उभे राहून डोंगराचा उतार उतरणारे तरुण ज्या ट्रकांवर आपला जीव सोंपवितात, त्यांच्या घडणीची हकीकत मी आज आपल्यापुढें मांडणार आहें.

प्रथम नांवाविषयीं. माल वाहणाऱ्या मोटारीशीं ह्या ट्रकाचा कांहीं संबंध नाहीं. अमेरिकेंत आगगाडीच्या डब्याखालीं असणाऱ्या चाकांच्या व आंसांच्या सांगाड्याला ट्रक म्हणतात. इंग्लंडांत त्यालाच बोगी म्हणतात, आणि आपल्याकडे तो शब्द घसरत घसरत सबंध डब्यालाच चिकटला आहे. स्केटबोर्डचा ट्रकहि असाच एक सांगाडा होय. फळीच्या पुढच्या भागाखालीं एक व मागच्या भागाखालीं एक असे दोन ट्रक बसविलेले असतात, आणि प्रत्येकाच्या आंसाच्या दोन टोकांना एकेक चाक असतें.

ह्या वंशाचा मूळ पुरुष म्हणजे पायांत घालावयाचा चाकांचा स्केट. अठराव्या शतकांत लंडनमध्यें जॉन जोसेफ मर्लिन नांवाचा एक कुशल यंत्रकार रहात असे. तो मूळचा आजच्या बेल्जियममधला. त्याच्याविषयीं एक गोष्ट सांगतात. सोहो चौकांतील कार्लाइल हाउस येथील मेजवानींत तो पायांना चाकें लावून सारंगी वाजवीत शिरला. पण त्याला वळतां येईना कीं थांबतां येईना, आणि पांचशें पौंडांहून अधिक किंमतीच्या आरशावर जाऊन तो आदळला. आरसा फुटला, सारंगी मोडली, आणि स्वतः मर्लिनहि जखमी झाला. गोष्टींत तिखटमीठ किती असेल तें असो. त्या काळच्या स्केटाचा दोष तिनें नेमका पकडला आहे. पुढें १८१९ सालीं फ्रान्समध्यें पेतिब्ले यानें एका रांगेंत चाकें बसविलेल्या स्केटाचें पेटंट घेतलें. परंतु सरळ जाणें त्याला जितकें साधलें, तितकें वळणें साधलें नाहीं.

हा प्रश्न सोडविला जेम्स लेनर्ड प्लिम्प्टन ह्या अमेरिकन गृहस्थानें. न्यूयॉर्कमध्यें त्याचा लांकडी सामानाचा धंदा होता. १८६३ सालीं त्यानें जें पेटंट घेतलें, त्यांतील युक्ति अशी : आंस तळाशीं ताठ न जखडतां तो एका तिरप्या कण्याभोंवतीं झुलता ठेवावयाचा आणि त्याच्या व तळाच्या मध्यें रबराची उशी घालावयाची. मनुष्य उजवीकडे झुकला कीं त्या तिरप्या कण्यामुळें पुढचा आंस उजवीकडे फिरतो, मागचा त्याच्या उलट फिरतो, आणि दोहोंचा रोख एकाच वर्तुळाच्या मध्याकडे होतो. मनुष्य सरळ झाला कीं रबर आंसाला पुन्हां जागेवर आणतें. वळण्यासाठीं ना सुकाणू, ना लगाम. अंगाचा तोल हीच आज्ञा. १८६६ सालीं न्यूपोर्ट येथील अटलांटिक हाउस ह्या हॉटेलांत प्लिम्प्टननें स्केटिंग सुरू केलें, आणि १८७६ मध्यें इंग्लंडांतील न्यायालयांत त्याचें पेटंट कसोटीला उतरलें. आजच्या ट्रकाच्या मुळाशीं हीच कल्पना आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मुलांनीं जुन्या स्केटाचे दोन तुकडे करून ते फळीखालीं ठोकले, आणि समुद्राच्या लाटेवर घ्यावयाची मौज ते रस्त्यावर घेऊं लागले. १९६० च्या सुमारास कारखान्यांत तयार झालेल्या फळ्या आल्या, तरी ट्रक मूळ स्केटाचेच राहिले : अरुंद, हलके, गुळगुळीत फरशीवर फिरण्यासाठीं केलेले. चाकें टणक मातकट मिश्रणाचीं असत. वाटेंत खडा आला कीं चाक अडे आणि स्वार पुढें फेंकला जाई. ह्या गैरसोयीचा एक उपकार असा, कीं वेग फारसा वाढत नसे.

१९७३ च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी यानें युरेथेन नांवाच्या चिवट, लवचिक द्रव्याचीं चाकें विक्रीस आणलीं आणि तो अडसर दूर झाला. आतां चाक खड्यावरून सहज जाई, रस्ता धरून ठेवी आणि वेग टिकवी. पण चाक बदलल्यानें आंस बदलत नाहीं. १९७५ सालीं लाँग बीचनें वेढलेल्या सिग्नल हिल ह्या लहानशा गांवांतील तीव्र उतारावर वेगाच्या शर्यती सुरू झाल्या. ताशीं ५० मैलांचा, म्हणजे ८० किलोमीटरांचा वेग गांठला गेला. कोणी उभे राहून येत, कोणी पडून, कोणी बंद पेटीसारख्या गाडींत बसून. स्वारांना दुखापती झाल्या, प्रेक्षकांनाहि झाल्या, आणि १९७८ नंतर त्या शर्यती बंद पडल्या.

ह्या अपघातांतील एका शत्रूचें नांव आहे वेगाची थरथर. तिचें कारण समजून घेण्यासारखें आहे. फळी किंचित डावीकडे झुकली कीं आंस डावीकडे वळतात आणि स्वाराचें अंग उजवीकडे लोटलें जातें. तो सांवरूं जातो तों फळी उजवीकडे झुकते आणि तिकडे वळते. झोंपाळ्याला योग्य क्षणीं एकेक हलका धक्का मिळत गेला म्हणजे झोंका जसा वाढतो, तशी ही थरथर वाढत जाते. सावकाश जातांना ती जाणवतहि नाहीं. वेगांत तिच्या दोनचार फेऱ्या पुऱ्या होतात तोंच स्वार रस्त्यावर असतो. म्हणजे ज्या गुणामुळें फळी वळते, तोच गुण वेगांत वैरी होतो. १९७९ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील माँट हबर्ड यांनीं स्केटबोर्डच्या स्थिरतेचें गणित प्रसिद्ध केलें आणि पोरखेळ समजली जाणारी ही वस्तु यंत्रशास्त्राच्या पानांवर आली.

कारागिरांनीं मात्र गणिताची वाट पाहिली नव्हती. १९७५ च्या सुमारास ट्रॅकर नांवाचे ट्रक आले. ते स्केटासाठीं नसून फळीसाठींच घडविलेले आणि पूर्वींपेक्षां बरेच रुंद होते. चाकें दूर दूर गेल्यामुळें फळीला बैठक मिळाली. पुढें विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळांत रँडल बनावटीच्या ट्रकांनीं दुसरी सुधारणा लोकप्रिय केली. रबरांतून जाणारा मुख्य बोल्ट, ज्याला किंगपिन म्हणतात, तो त्यांनीं आंसाच्या आंतल्या बाजूऐवजीं बाहेरच्या बाजूस नेला. अशा ट्रकाचें वळणें व परतणें एकसारखें, अंदाज करतां येण्याजोगें असतें, म्हणून लांब फळीवाल्यांनीं त्याचा स्वीकार केला. हे ट्रक निरनिराळ्या कोनांच्या तळपट्ट्यांसह मिळूं लागले, आणि उतारावरील स्वाराच्या हातीं खरी किल्ली आली ती येथें.

अनेक वर्षें मुलांना भूमिति शिकविल्यामुळें ह्या कोनाविषयीं दोन शब्द अधिक बोलल्यावांचून मला राहवत नाहीं. झुलत्या कण्याचा जमिनीशीं होणारा कोन जितका मोठा, तितकी तेवढ्याच झुकण्यांत आंसाची वळण्याची मात्रा अधिक. फळी १० अंश झुकविली असें धरा. ५० अंशांचा ट्रक तेवढ्यांत पावणेबारा अंशांच्या आसपास वळेल, ४२ अंशांचा सुमारें नऊ अंश, आणि २० अंशांचा अवघा साडेतीन. म्हणून उतारावरील जाणते स्वार पुढें मोठ्या कोनाचा व मागें लहान कोनाचा ट्रक लावतात. पुढचा वळवितो, मागचा निमूटपणें अनुसरतो. बैलांनीं पुढून ओढलेली गाडी सरळ मागोमाग येते, आणि मागें रेटली कीं तोंड फिरवूं पाहते, हा अनुभव खेड्यांत कोणासहि आहे. भार पुढच्या पायावर अधिक ठेवावा, ह्या उपदेशाचें मर्महि तेंच.

दुसरी निवड रबराची. त्याला बुशिंग म्हणतात. आज तेंहि युरेथेनचेंच असतें. त्याचा कठिणपणा ‘ए’ मापानें सांगतात आणि उतारावर वापरण्याचीं बुशिंगें बहुधा ८५ ते ९५ च्या दरम्यान सांपडतात. हलक्या देहाला मऊ, भारी देहाला कठीण. आणि मागचें पुढच्यापेक्षां थोडें अधिक कठीण. आकार शंकूसारखा असला तर वळणें सैल होतें. दोन्हीं बाजूंस सरळ पिंपासारखा असला तर आधार भरपूर मिळतो, आणि वेगाला तोच मानवतो. येथें नवशिके एक घातक सोपा उपाय करतात : फळी थरथरली कीं किंगपिनची चक्री आवळीत सुटतात. त्यानें बुशिंग चेंगरतें, त्याची परत उसळण्याची चाल बिघडते, आणि फळी आधीं वळत नाहीं व मग एकदम वळते. मऊ बुशिंग आवळण्यापेक्षां कठीण बुशिंग घालून चक्री बेताची ठेवावी.

तिसरी गोष्ट कारागिरीची. सांच्यांत ओतलेल्या ट्रकापेक्षां धातूच्या ठोकळ्यांतून कातून काढलेला ट्रक अधिक नेमका बसतो, पण किंमतहि तशीच असते. आंस हातांत धरून हलवून पहावा. जेथें खुळखुळा लागतो, तेथूनच थरथरीचा आरंभ होतो. रुंदीविषयीं मत मात्र फिरलें आहे. पूर्वीं १८० मिलिमीटर रुंदीचा सांगाडा आदर्श समजत. आतां कोन व बुशिंगें नीट जुळविणारे अनेक स्वार त्याहून पुष्कळ अरुंद ट्रक पसंत करतात, कारण ते तत्पर असतात आणि घसरतांना चाकांवर भार सारखा पडतो. एका वेळीं एकच बदल करावा, तो लहान उतारावर पारखावा, मगच मोठ्या उताराकडे जावें. पूर्ण चेहरा झांकणारें शिरस्त्राण आणि रहदारीस बंद असलेला रस्ता ह्या दोन अटी ट्रकाच्या आधींच्या आहेत.

२०१७ सालीं कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत, ले-झेबूलमाँ येथील उतारावर, पीट कॉनोली यानें फळीवर उभे राहून ताशीं १४६·७३ किलोमीटर वेगाची नोंद केली. आपल्याकडील पुष्कळशा आगगाड्याहि इतक्या वेगानें धांवत नाहींत. त्याच्याहि पायांखालीं मर्लिनला न सुटलेला प्रश्नच होता, आणि त्याचें उत्तर प्लिम्प्टनच्या त्या तिरप्या कण्यांत व रबराच्या उशींत होतें. मधल्या दीडशें वर्षांत माणसांनीं एकेक अंश, एकेक मिलिमीटर पडून, उठून, मोजून त्यांत घातला. आपल्या घरांतील एखादा नातू अशी फळी मागूं लागला, तर त्याला रागें भरण्यापूर्वीं ती उलटी करून त्याच्यापुढें ठेवावी आणि खालचा प्रत्येक भाग काय काम करतो तें त्यालाच विचारावें. उत्तर बरोबर आलें, तर चक्र्या घट्ट आहेत कीं नाहींत हें त्याच्याबरोबर बसून एकदां तपासून घ्यावें.