वेगवान गोलंदाजांचा शोध : विदर्भ क्रिकेटची साठ वर्षे

१/ विदर्भाचा संघ रणजी करंडक स्पर्धेत १९५७-५८ पासून खेळतो आहे. पहिले विजेतेपद मात्र २०१७-१८ च्या हंगामात मिळाले. मधल्या साठ वर्षांची एक मोठी उणीव होती : वेगवान गोलंदाज हेरणे आणि घडवणे. आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/ ही उणीव देशाचीही होती. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत महंमद निसार आणि अमरसिंग ही वेगवान जोडी होती. पुढे निर्जीव खेळपट्ट्या आणि फिरकीवरचा भरवसा यांमुळे ती परंपरा क्षीण झाली. १९७० च्या दशकात नवा चेंडू कधीकधी सलामीवीर गावसकरांच्या हाती दिला जाई.

३/ १९७८ मध्ये कपिलदेव आले. पण एक कपिल म्हणजे व्यवस्था नव्हे. वेगवान गोलंदाज शास्त्रशुद्ध रीतीने घडवण्यासाठी चेन्नईत एमआरएफ पेस फाउंडेशन १९८७ मध्ये सुरू झाले आणि तेथे डेनिस लिली मार्गदर्शक झाले.

४/ आता विदर्भ. नागपूरजवळच्या वलनीतील कोळसा खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस चेंडूनेच खेळत होता. पोलीस भरतीचा प्रयत्नही त्याने केला. २००८ मध्ये तो रणजी खेळला. नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत कसोटी. विदर्भाकडून खेळत कसोटी संघात पोहोचलेला तो पहिला खेळाडू.

५/ ही कथा प्रेरणादायी म्हणून सांगितली जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्यातला दुसरा अर्थही वाचावा. एवढा वेग राजधानीच्या शेजारी होता, तरी तो योगायोगानेच सापडला. वेग उपजत असतो. टप्पा, स्विंग आणि दुखापतीविना दीर्घकाळ गोलंदाजी करण्याची क्षमता मात्र शिकवावी लागते. त्यासाठी मुलगा सोळाव्या वर्षी दृष्टीस पडायला हवा.

६/ पुढे विदर्भ क्रिकेट संघटनेच्या अकादमीत माजी कसोटी गोलंदाज सुब्रतो बॅनर्जी यांनी हे काम हाती घेतले. उमेशच्या गोलंदाजीला त्यांनी आकार दिला आणि त्याच्या पुढच्या पिढीलाही.

७/ फळ २०१७-१८ मध्ये दिसले. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या ५ धावांनी विजय. अभियांत्रिकी शिकलेल्या रजनीश गुरबानीचे सामन्यात १२ बळी. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामन्यात त्याची हॅट्‌ट्रिक आणि पहिल्या डावात ५९ धावांत ६ बळी.

८/ या अंतिम सामन्यात उमेश नव्हता. तो भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेला गेला होता. त्याच सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरे या तरुण वेगवान गोलंदाजाने पदार्पण केले. सर्वोत्तम गोलंदाज नसतानाही संघ ९ गडी राखून जिंकला. व्यवस्था उभी राहिल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

९/ अर्थात श्रेय एकट्या गोलंदाजांचे नाही. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांची शिस्त, कर्णधार फैज फजल आणि वसीम जाफर यांची फलंदाजी हेही त्यात आले. पण सामने जिंकायचे तर वीस बळी लागतातच.

१०/ आता आमचा प्रश्न. धान निघाल्यावर सावली परिसरातल्या बांध्यांत टेनिस चेंडूचे सामने रंगतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातला असा एखादा वेगवान पोरगा नागपूरला कोणाच्या नजरेस पडणार? वलनी नागपूरला लागून होती, तरीही उमेश उशिराच सापडला. सावली तर कितीतरी दूर आहे.

धागा समाप्त. तुमच्या तालुक्यातल्या जुन्या वेगवान गोलंदाजांच्या आठवणी अवश्य लिहा; स्थानिक क्रीडा-इतिहास अजून कागदावर यायचा आहे.