मुंबईची शेअरलाट : सन १८६१ ते १८६५

गतवर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या संस्थेच्या विद्यार्थी-साहाय्य निधीविषयी जी चर्चा झाली, ती सभासद कुटुंबांच्या स्मरणात असेलच. मुदतठेवींवरील व्याजातून शिष्यवृत्त्यांचा खर्च पूर्वीप्रमाणे भागत नाही. सबब निधीचा काही अंश शेअरांत किंवा म्युच्युअल फंडांत घालावा, अशी सूचना तरुण सभासदांनी मांडली. शेअर म्हणजे जुगार, असे सांगून वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांनी ती तेथल्या तेथे निकालात काढली. एका पक्षाने २०२० सालच्या मार्च महिन्याचा दाखला दिला, दुसऱ्याने १९९२ सालचा. दोन्ही पक्षांनी अखेरीस इतिहासाचीच साक्ष काढली, हे पाहून आम्हांस संतोष वाटला. ज्याची हयात फळ्यापुढे इतिहास शिकविण्यात गेली, त्यास याहून अधिक काय हवे? परंतु या मुंबई शहराने पाहिलेला सर्वांत भयंकर बाजार १९९२ चा नव्हे आणि २००८ चाही नव्हे. तो सुमारे एकशेसाठ वर्षांपूर्वीचा आहे. त्याचे नाव त्या सभेत कोणीच घेतले नाही, म्हणून ती हकीकत येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

त्या काळी इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्या मुख्यत्वेकरून अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांच्या कापसावर चालत. त्यांस लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश माल तिकडून येई. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, आणि गिरण्यांचा कच्चा माल तुटला. तेव्हा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. आमचा कापूस आखूड धाग्याचा व कचऱ्याने भरलेला म्हणून तोपर्यंत हिणवला जात असे. आता तोच तिप्पट-चौपट भावाने उचलला जाऊ लागला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड येथील माल मुंबईस लोटू लागला. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. तथापि वऱ्हाडातील बहुतेक माल बैलगाड्यांवरच वाट काढीत असे. युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या किमतीहून अधिक असे सुमारे ८ कोटी पौंड मुंबईच्या पदरात पडले, असा हिशेब जुने ग्रंथकार देतात. त्या काळच्या रुपयांत हे ८० कोटींच्या घरात जाते.

एवढा पैसा आला, पण तो घालावयाचा कशात? गिरण्या तेव्हा नुकत्याच उभ्या राहत होत्या. सोनेनाणे झाले, वाडे झाले, लग्नकार्ये झाली. उरलेला पैसा शेअरांकडे वळला. भागधारकाची जोखीम त्याच्या भागापुरती मर्यादित ठेवणारा कायदा १८५७ साली झाला होता, आणि १८६० साली तो बँकांनाही लागू झाला होता. त्यामुळे कंपनी काढणे हे पूर्वीपेक्षा पुष्कळच सोपे झाले होते. टाउन हॉलसमोरील वडाच्या झाडाखाली जमणारे मूठभर दलाल आता शेकड्यांनी मोजावे लागले. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्स मंडळ्या आणि जमिनी भरून काढण्याच्या ८ कंपन्या होत्या, अशी नोंद आढळते. कापूस दाबण्याच्या, जहाजांच्या व विम्याच्या कंपन्या निराळ्याच.

या सर्वांत बॅकबे कंपनीचा थाट मोठा होता. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंतच्या उपसागरात भर घालून नवी जमीन काढावयाची, हा तिचा संकल्प. संकल्प खोटा नव्हता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईस जमिनीची टंचाई खरोखरच होती. मुंबई सरकार स्वतः या कंपनीचे भाग घेण्यास सिद्ध झाले होते. वरिष्ठ हिंदुस्थान सरकारने मनाई केली, तेव्हा ते भाग जाहीर लिलावाने विकले गेले आणि त्यांस दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भाव आला. जेथे सरकारच भागीदार होऊ पाहते तेथे आपण का मागे राहावे, असे सामान्य माणसाने मनाशी म्हटले तर त्यास सर्वस्वी दोष देता येत नाही. पाच हजार रुपये भरलेल्या या कंपनीच्या एका भागाचा भाव पुढे पन्नास हजारांवर गेला. समुद्र मात्र होता तेथेच होता.

या बाजाराचे नायक प्रेमचंद रायचंद हे होत. जन्म १८३१, मूळ सुरतेचे, जैनधर्मीय. इंग्रजी लिहितावाचता व बोलता येणारे पहिले देशी दलाल म्हणून त्यांची ख्याती आहे. नव्या कंपनीचे भाग कोणास द्यावयाचे हे पुष्कळदा त्यांच्या शब्दावर ठरे; भाग मिळाला म्हणजे तो दुसऱ्या दिवशी अधिक भावाने विकता येई; म्हणून त्यांच्या दारी शहरातील थोरामोठ्यांची रीघ लागे. स्वभावाने ते उदार होते, व वैयक्तिक राहणीत साधे होते, असे सर्वच लिहितात.

आता हा डोलारा कशावर उभा होता, ते थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण सर्व मर्म येथेच आहे. समजा, एका गृहस्थाजवळ दहा हजार रुपये आहेत. त्याने त्यांचे एका बँकेचे भाग घेतले. ते भाग फायनान्स मंडळीकडे गहाण टाकून त्याने कर्ज काढले व त्या कर्जातून बॅकबेचे भाग घेतले. ते पुन्हा दुसऱ्या बँकेकडे गहाण पडले. ती बँक तरी कोणाच्या जिवावर चाले? तिचेही भाग याच रीतीने कोठेतरी गहाण होतेच. अशा प्रकारे एकाच दहा हजारांवर चार मजले चढले, आणि प्रत्येक मजल्यावरचा माणूस खालच्या मजल्यास पाया समजत होता. शिवाय कित्येक भागांची रक्कम पुरती भरलेली नसे; उरलेले हप्ते कंपनी मागेल तेव्हा भरण्याचे दायित्व धारकाच्या शिरावर राही. तेजीत याचा विचार कोण करतो! आणि या सर्वांवर कळस म्हणजे वायद्याचे सौदे. अमुक मितीस अमुक भावाने भाग घेईन, असा नुसता शब्द द्यावयाचा. हाती पैसा नाही, भागही नाही. असे असंख्य सौदे १ जुलै १८६५ या मितीचे होऊन बसले होते.

बँक ऑफ बाँबे ही १८४० साली स्थापन झालेली, सरकारची भागीदारी असलेली व सरकारनियुक्त संचालक असलेली प्रतिष्ठित पेढी. तिच्या जुन्या सनदेप्रमाणे शेअरांच्या तारणावर कर्ज देण्यास तिला मुभा नव्हती. १८६३ च्या कायद्याने ती मुभा मिळाली. या काळात तिचे भांडवलही सुमारे ५२ लाखांवरून सुमारे २ कोटी ९ लाखांवर गेले. एवढा पैसा कोणास तरी द्यावयाचा, तो शेअरवाल्यांस मिळाला. प्रेमचंदांची शिफारस असली म्हणजे तारणाची फारशी चौकशी होत नसे. पुढे सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली जो चौकशी आयोग बसला, त्याच्यापुढे ही सर्व लक्तरे बाहेर आली. आम्हांस व्यक्तिशः असे वाटते की, प्रेमचंदांपेक्षा त्या बँकेच्या संचालकांचा व चिटणिसांचा दोष अधिक आहे. सटोडियाने सट्टा करावा हे त्याच्या धंद्यास धरून झाले. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्याने डोळे मिटावेत, हे कशास धरून झाले?

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल लीने शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईस येऊन थडकली आणि आधीच डळमळू लागलेला कापसाचा भाव कोसळला. कापूस पडला तसे शेअर पडले. शेअर पडले तशी तारणे निकामी झाली. मे महिन्यापासून पेढ्यांची दिवाळी निघू लागली. १ जुलै उजाडला तेव्हा वायद्यांचा पैसा देणारा कोणीच उरला नाही; जो तो दुसऱ्याकडून येणे आहे असे सांगे. बँक ऑफ बाँबेचा जो भाग एके काळी २,८५० रुपयांस गेला होता, त्यास पुढे ८७ रुपयेच येऊ लागले. बॅकबेचा भाग दोन हजारांच्या खाली आला. दिवाळखोरांचे हिशेब उलगडण्यास सरकारला त्याच वर्षी निराळा कायदा करावा लागला. बँक ऑफ बाँबे १८६८ साली मोडीत निघून त्याच नावाची नवी बँक उभी राहिली; ही नवी बँक १९२१ साली इंपीरियल बँकेत व तीतून १९५५ साली स्टेट बँकेत विलीन झाली. शहराची काय अवस्था झाली ते खानेसुमारीवरून दिसते. १८६४ साली मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ साली ती ६,४४,४०५ भरली.

या वावटळीत सापडलेली माणसे मूर्ख नव्हती. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या थोर विद्वानास व लोकसेवकास जबर झीज सोसावी लागली. जमशेटजी टाटा त्या वेळी तरुण होते व घराण्याच्या कामासाठी विलायतेस गेले होते. त्यांच्या हातातील कापसाची कागदपत्रे कवडीमोल झाली, आणि घराणे सावरले ते १८६८ च्या हबसाणच्या मोहिमेतील रसद पुरविण्याच्या मक्त्यामुळे. प्रेमचंदांचीही पेढी बसली. विद्यापीठास ग्रंथालयासाठी २ लाख व मनोऱ्यासाठी २ लाख रुपये त्यांनी दिले होते. मातोश्रींच्या नावाचा तो राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली, म्हणजे ऐन भरतीत प्रसिद्ध झाले, आणि १८६५ साली ते निवर्तले. ओहोटीचे वर्णन त्यांच्या लेखणीतून उतरते, तर मराठीत एक अमोल प्रकरण झाले असते.

मग तरुणांची सूचना फेटाळावी काय? आमचे मत तसे नाही. १८६५ साली जे बुडाले त्यांत स्वतःच्या शिलकीतून भाग घेऊन स्वस्थ बसलेले थोडे, आणि कर्जाने व वायद्याने घेतलेले फार. बाजार त्यानंतरही अनेकदा आपटला. जानेवारी २००८ मध्ये सुमारे २१,००० वर असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ९,००० च्या खाली आला. जानेवारी २०२० मध्ये ४२,००० च्या आसपास असलेला २३ मार्च रोजी २५,९८१ वर बंद झाला, आणि वर्षाच्या आत ५०,००० ला शिवला. ज्याला मार्चमध्ये पैशांची निकड नव्हती त्याचे काही गेले नाही. ज्याने उसन्या पैशावर घेतले होते त्यास दलालाने विकावयास लाविले. आपल्या निधीस हेच लागू आहे. येत्या जूनमध्ये मुलांच्या फीस जे लागणार, ते मुदतठेवीतून हलवू नये. दहा वर्षे ज्यास हात लावावा लागणार नाही, अशा लहानशा अंशाचा विचार करण्यास हरकत नाही. मात्र सार्वजनिक विश्वस्त कायद्याची गुंतवणुकीवरील बंधने विश्वस्तांनी आधी नीट वाचावीत, आणि कोणा एका हुशार सभासदाच्या शब्दावर, तो कितीही भला असो, रक्कम सोडू नये.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. कापसाचे भाव चढले तेव्हा देशावरील शेतकऱ्याची पत वाढली व सावकाराने हात सैल सोडला. भाव पडल्यावर कर्ज तेवढे उरले. त्यात भर अशी की, १८६७ पासून पुणे जिल्ह्यातील तालुक्यांची जी नवी जमाबंदी झाली, ती तेजीतील भाव डोळ्यांपुढे ठेवून झाली आणि काही तालुक्यांत सारा निम्म्याहून अधिक वाढला. मुंबईचा शेअर ज्यांनी कधी डोळ्यांनीही पाहिला नव्हता अशांच्या जमिनी सावकाराकडे जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक उठले. पुढे पुणे व नगर जिल्ह्यांत जे दंगे झाले त्यांत माणसांस इजा फारशी झाली नाही. लोक सावकारांकडून खते व रोखे मागून घेत आणि त्यांची होळी करीत. सरकारने चौकशी मंडळ नेमले, व १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्याने रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ देणे किती होते हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला.